पेरणीआधी उगवण पाहतो, तसं शिकणंही पाहू या

 

पेरणीचे दिवस जवळ आले आहेत. घरचं सोयाबीन बियाणं म्हणून ठेवलं असेल, तर तुमच्यापैकी कितीतरी जणींनी उगवण पाहिली असेल. गोणपाटाचा तुकडा ओला करायचा, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं. पाच-सहा दिवसांनी गुंडाळी उलगडून किती दाण्यांना चांगला कोंब आला ते मोजायचं. 100 पैकी 70 किंवा जास्त उगवले, तर बियाणं पेरण्याजोगं. त्याहून कमी उगवले, तर एकरी बियाणं वाढवायचं, नाहीतर बदलायचं. दाणा हातात घेऊन कितीही टपोरा दिसला, तरी नुसत्या दिसण्यावर आपण वावर पेरत नाही.

आज आम्ही बियाण्यावर बोलणार नाही. बोलणार आहोत शिकण्यावर. प्रशिक्षणात, बैठकीत, मोबाईलवर, शेतीशाळेत आपण काही ना काही शिकत असतो. ते शिकलेलं खरंच उगवलं का, हे आपण कसं पाहतो? बहुतेक वेळा पाहतच नाही. हे आम्हाला एका गटाच्या वहीनं शिकवलं. ती हकिकत आधी सांगतो. त्यात चूक आमचीच आहे.

वही जुळत होती, तरी चूक होती

जठारपेठेत आम्ही हिशेब लिहिण्याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं. बार्शीटाकळी, पातूर, बाळापूर या बाजूच्या गटांच्या अध्यक्ष आणि सचिव आल्या होत्या. कोणी एसटीनं, कोणी ऑटोनं, एक-दोघी लेकरू कडेवर घेऊन. बचत कशी लिहायची, कर्ज कसं लिहायचं, व्याज कुठल्या रकान्यात, मुद्दल कुठल्या, सगळं फळ्यावर मांडलं. प्रत्येक भाग संपला की आम्ही विचारायचो, "समजलं का?" सगळ्या एका सुरात म्हणायच्या, "हाव!" आम्हीही खूश, त्याही खूश. शेवटच्या दिवशी फोटो काढला, चहा झाला, सगळ्या गावाला गेल्या.

त्यातल्या एका गटात एका ताईनं गटातून 10,000 रुपये कर्ज घेतलं. ती भाजीचा धंदा करते. सही करता येते, त्यापलीकडे वाचता येत नाही. गटाचा ठराव असा होता की दर महिन्याला 1,000 रुपये मुद्दल फेडायचं आणि जेवढं मुद्दल शिल्लक असेल, त्यावर महिना 2 टक्के व्याज द्यायचं. म्हणजे पहिल्या महिन्याला 10,000 वर 200 रुपये व्याज. दुसऱ्या महिन्याला 9,000 वर 180. तिसऱ्याला 8,000 वर 160. असं दर महिन्याला वीस-वीस रुपयांनी उतरत जायचं आणि दहाव्या महिन्याला व्याज फक्त 20 रुपये.

सचिव ताईनं पहिल्या महिन्याला 200 लिहिले. दुसऱ्या महिन्यालाही 200. तिसऱ्यालाही 200. नऊ हप्ते झाले. भाजीवाल्या ताईनं व्याजाचे 1,800 रुपये भरले होते. खरं तर तिनं भरायचे होते 1,080. म्हणजे 720 रुपये जास्त गेले होते.

दहाव्या हप्त्याच्या बैठकीत तिनं पैसे काढताना थांबून विचारलं, "माह्यं मुद्दल आता हजारच राह्यलं ना वं बाई? मंग व्याज दोनशे कायचं?"

बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. मग एक बोलली, दुसरी बोलली आणि दहा मिनिटांत गोष्ट भलतीकडे गेली. "सचिवानं खाल्ले" इथपर्यंत आली. आणखी चार जणींच्या कर्जाची पानं उघडली, तर त्यातही तेच. सचिव ताई रडत घरी गेली आणि पुढच्या दोन बैठकांना आलीच नाही. घरातूनही बोलणी बसली की, सांगितलं होतं नको त्या पैशाच्या भानगडीत पडू म्हणून.

आम्ही जाऊन पूर्ण वही तपासली. एक रुपया इकडचा तिकडे झाला नव्हता. जास्त घेतलेलं सगळं व्याज गटाच्याच निधीत जमा होतं, व्याजाच्या रकान्यात नीट लिहिलेलं. बँकेतली आणि हातातली रक्कम वहीशी जुळत होती. आम्ही दर महिन्याला तेवढंच पाहत होतो की बेरीज जुळते का. ती जुळायची, म्हणून आम्हीही सही करून पुढे जायचो. गटानं ठराव करून पाचही जणींना जास्तीचे पैसे परत दिले. पैसे परत देता आले. पण ज्या बाईनं नऊ महिने इमानानं वही लिहिली, तिच्यावर गावासमोर आळ आला होता. तो पुसायला फार वेळ लागला.

मग तिला चूक कळली का नाही?

आम्ही तिच्या घरी गेलो तेव्हा ती एकच सांगत होती, "ताई, मले वाटलं मले येते." हे वाक्य आमच्या डोक्यातून जात नाही.

प्रशिक्षणाची आमची जुनी टिपणं काढली. फळ्यावर आम्ही एकच महिना सोडवून दाखवला होता: 10,000 वर 2 टक्के, 200 रुपये. "पुढे असंच करत जा," असं म्हटलं होतं. आमच्या मनात "असंच" म्हणजे शिल्लक मुद्दलावर. तिनं "असंच" म्हणजे 200 असं धरलं. दोन्ही बाजूंनी वाटलं की समजलं. तिला एकदाही शंका आली नाही, कारण शंका यायलाही त्या विषयाची थोडी समज लागते. जिला माहीत आहे की व्याज शिल्लकेवर धरतात, तिलाच दुसऱ्या महिन्यात 200 लिहिताना अडखळायला होईल. जिला ते माहीतच नाही, तिचा हात सरळ चालत राहील. म्हणून "मी लक्ष देऊन ऐकलं, मला शंका नाही, म्हणजे मला आलं" हा हिशेब धोक्याचा आहे.

हे फक्त कमी शिकलेल्यांचं होतं असं समजू नका. अमेरिकेत जॉन फ्लॅव्हेल नावाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना काही गोष्टींची यादी पाठ करायला दिली. "पक्कं पाठ झालं असं वाटलं की सांगा," असं म्हटलं. थोडी मोठी मुलं "झालं" म्हणायची, तेव्हा बहुतेक वेळा खरंच पाठ झालेलं असायचं. लहान मुलंही तितक्याच खात्रीनं "झालं" म्हणायची, पण विचारलं की आठवायचं नाही. म्हणजे पाठ करणं हे एक काम आणि आपलं पाठ झालं की नाही हे ओळखणं हे दुसरं काम. फ्लॅव्हेल यांनी 1970 च्या दशकात या दुसऱ्या कामाला मेटाकॉग्निशन असं नाव दिलं. आपण साध्या बोलीत म्हणू: आपल्या शिकण्यावर आपलीच नजर.

मोठ्यांचं काय? 2006 साली सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला. एका गटानं एक उतारा चार पाळ्यांमध्ये पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटानं पहिल्या पाळीत वाचला आणि नंतरच्या तीन पाळ्यांत कागद न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं, तेव्हा नुसतं वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं, तेव्हा वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के. आणि गंमत म्हणजे, "मला हे चांगलं लक्षात राहील" अशी जास्त खात्री नुसतं वाचणाऱ्यांनाच होती. पुन्हा पुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा होतो आणि ओळख झाली की आपल्याला वाटतं, आलं.

आमच्या प्रशिक्षणातही हेच झालं. तीन दिवस फळा पाहून पाहून रकाने सगळ्यांच्या ओळखीचे झाले. पण फळा पुसून कोरी वही कोणाच्याच पुढे ठेवली नव्हती.

परीक्षा पाहणं आपल्याला नवीन नाही

खरं सांगायचं तर बायकांना ही गोष्ट शिकवावी लागू नये. आपलं सगळं घरकाम परीक्षा पाहतच चालतं. शितावरून भाताची परीक्षा करतो. पाक झाला का, हे घड्याळ बघून ठरवत नाही, तर दोन बोटांत थेंब धरून तार सुटते का ते पाहतो. लोणचं मुरलं का, दही लागलं का, तव्याला पुरता ताव आला का, प्रत्येक गोष्टीची आपल्याजवळ खूण आहे. कोणी म्हटलं, "पाक झाला असं मला वाटतं," तर आपण तिच्या हातात चमचा देतो आणि म्हणतो, "पाहून सांग."

मग प्रशिक्षणाला बसलो की ही सवय कुठे जाते? आम्हाला वाटतं, ती शाळेच्या दारातच राहते. आपल्यापैकी कितीतरी जणींची शाळा चौथी-सातवीत सुटली. शाळेची आठवण म्हणजे, येत नाही म्हटलं की छडी आणि हसू. त्यामुळे फळा आणि खडू दिसला की तोंडातून आपोआप "हाव" निघतो. "मले नाही समजलं" म्हणायला लाज वाटते. आणि आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांनाही तो "हाव" ऐकायला बरा वाटतो, कारण कार्यक्रम वेळेत संपतो.

आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा. शाळेत शिकलेले नव्हते. पण त्यांच्या कीर्तनाची रीत बघा. ते समोरच्या लोकांना साधे साधे प्रश्न विचारत जायचे आणि लोकांकडूनच उत्तरं काढायचे. लोक स्वतःच्या तोंडानं उत्तर देत देत स्वतःच्याच चुकीपर्यंत पोहोचायचे. नुसतं "समजलं का?" विचारून ते थांबत नव्हते.

काय येतं आणि काय येत नाही, हे माहीत असण्याची ताकद

आता एक दुसरी गोष्ट, सातारा जिल्ह्यातली. माण तालुका, म्हसवड गाव, दुष्काळी भाग. तिथल्या कष्टकरी बायकांनी चेतना सिन्हा यांच्यासोबत स्वतःची बँक काढायचं ठरवलं. अर्ज केला, तर रिझर्व्ह बँकेकडून नकार आला. कारण अर्ज करणाऱ्या अनेक बायका निरक्षर होत्या, सहीच्या जागी अंगठे होते. चेतनाताईंनी ही हकिकत पुढे अनेक ठिकाणी जाहीरपणे सांगितली आहे. त्या निराश झाल्या, पण बायका म्हणाल्या, आम्ही शिकतो. दिवसभराचं काम उरकून त्या अक्षरं गिरवायला बसल्या. काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला लिहिता-वाचता येत नाही, पण हिशेब येतो. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा. तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय तेच करायला सांगा. बघू कोण आधी सांगतं. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

आम्ही ही गोष्ट गटात सांगतो तेव्हा सगळ्या टाळ्या वाजवतात. टाळ्या वाजवाच. पण त्या बायकांनी नेमकं काय केलं, तेही बघा. त्यांनी "आम्हाला सगळं येतं" असं म्हटलं नाही आणि "आम्ही अडाणी, आम्हाला काही येत नाही" असंही म्हटलं नाही. अक्षरात कमी आहोत, ते शिकतो आहोत. हिशेबात पक्क्या आहोत, तो आत्ता तपासा. आपल्या शिकण्याची इतकी नेमकी मोजणी त्यांच्याजवळ होती, म्हणून त्या मोठ्या अधिकाऱ्यांसमोर न घाबरता बोलू शकल्या.

आमच्या गोष्टीतल्या भाजीवाल्या ताईचंही तसंच आहे. तिला वही वाचता येत नव्हती. पण मुद्दल उतरलं की व्याज उतरलं पाहिजे, हे ती बाजारात शिकली होती आणि आपल्याला ते येतं हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं विचारलं.

चार सवयी

आता कामाचं बोलू. आम्ही त्या प्रसंगानंतर आमच्या गटांमध्ये चार सवयी लावायला घेतल्या. यांना पैसा लागत नाही. लिहिता-वाचता येत नसलं, तरी चालतं.

पहिली सवय: शिकायला बसण्याआधी आपलं काम सांगायचं. "मी हे कशासाठी शिकते आहे आणि आलं हे मला कशावरून कळेल?" ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 8 मार्च 2016 ला शिक्षक योगेंद्र बांगर यांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीच्या पुढच्या आज्या पाटी-दप्तर घेऊन बसल्या. त्यांना नोकरी मिळवायची नव्हती. पोथी आपल्या डोळ्यांनी वाचावी, अंगठ्याऐवजी सही करावी, एवढंच मनात होतं. हेतू असा हाताएवढा लहान असला की पोहोचलो की नाही हे आपलं आपल्याला दिसतं. "मला मोबाईल शिकायचा आहे" हा हेतू फार मोठा. "गटाच्या खात्यात पैसे आले की नाही, हे मला संदेश उघडून पाहता यावं" हा हेतू तपासता येतो.

दुसरी सवय: वही झाकून सांगायचं. प्रशिक्षणातला एक भाग संपला की वही बंद, फळा पुसलेला, आणि शेजारच्या बाईला आपल्या बोलीत सांगायचं की आत्ता काय झालं. सांगताना जिथे अडतं, तीच आपली कच्ची जागा. तिथेच पुन्हा विचारायचं. शेजारणीला सांगताना लाजही कमी वाटते. आणि फक्त सांगून भागत नसेल, तर करून पाहायचं. व्याज शिकलो असू तर पहिलाच महिना सोडवून थांबायचं नाही, दुसरा, तिसरा आणि शेवटचा महिनाही सोडवायचा. आमच्या सचिव ताईला आम्ही दुसरा महिना सोडवायला लावला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

तिसरी सवय: मध्ये दिवस जाऊ द्यायचे आणि मग पुन्हा आठवायचं. तीन दिवसांत भरभरून ऐकलेलं महिन्यानं किती उरतं, हे तुम्हाला माहीत आहेच. वावराला एकाच दिवशी सगळं पाणी देऊन महिनाभर सुट्टी घेत नाही, तसंच हे. आज शिकलेलं उद्या एकदा आठवा, आठवड्यानं एकदा, महिन्याच्या बैठकीत एकदा. दर वेळी पाच मिनिटं पुरतात. थोडं विसरलेलं असताना जोर लावून आठवलं की ते जास्त पक्कं बसतं. म्हणून आठवायला जड गेलं तर "माझं डोकंच चालत नाही" असं म्हणू नका. ते जड जाणं म्हणजेच काम चालू असणं.

चौथी सवय: चुकीचं पान ठेवायचं. गटाच्या वहीच्या शेवटी एक पान मोकळं सोडा. कुठे चुकलो, का चुकलो आणि पुढच्या वेळी काय करायचं, एवढ्या तीन गोष्टी तिथे लिहा. कोणाचं नाव लिहायचं नाही. नाव लिहिलं की ते आरोपपत्र होतं आणि पुढची चूक लपवली जाते. एका गटाच्या पानावर लिहिलं आहे: "व्याज 200 धरलं. शिल्लक मुद्दल आधी लिहायचं राहिलं. आता व्याजाआधी शिल्लक मोठ्यानं वाचायची." तीन ओळी, पण त्या गटात ती चूक पुन्हा झाली नाही.

लेकरांच्या अभ्यासाला आणि मोठ्यांच्या परीक्षेलाही

कितीतरी आया म्हणतात, "मले वाचता येत नाही, मी पोराचा अभ्यास काय घेऊ?" ताई, नक्की घेता येतो. पोरगं धडा वाचून झालं म्हणालं की पुस्तक बंद करून आपल्या हातात घ्या आणि म्हणा, "आता मले सांग, काय होतं त्यात." तुम्ही भाकरी थापत असलात तरी चालेल. ते अडलं की म्हणा, "तेवढं पाहून ये." सांगून झालं की दोन दिवसांनी पुन्हा विचारा. धडा खरा की खोटा हे तुम्हाला तपासायचं नाहीच. आपल्याला काय आठवत नाही हे त्याचं त्यालाच दिसतं, तेवढं पुरे. बरोबर-चूक पाहायला पुस्तक आहेच.

आपल्या काही मैत्रिणी उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमात नाव घालून बसल्या आहेत. 15 वर्षांवरच्या, शाळेत न गेलेल्या सगळ्यांसाठी तो आहे. त्याची परीक्षा 150 गुणांची, आणि वाचन, लेखन, संख्याज्ञान असे प्रत्येकी 50 गुणांचे तीन भाग. हे तीन भाग वेगळे आहेत, हे लक्षात घ्या. "मला परीक्षा जड जाईल" असं सरसकट म्हणू नका. बाजारहाट करणाऱ्या बाईचं संख्याज्ञान आधीच अर्धं तयार असतं. पोथी ऐकून ऐकून ओळखणारीचं वाचन पुढे असतं, पण लेखन मागे असतं. तिन्ही भागांत आपण कुठे आहोत हे आधी पाहा आणि जे मागे आहे त्याला जास्त दिवस द्या. जे येतं तेच पुन्हा पुन्हा गिरवत बसायला सगळ्यांनाच आवडतं, कारण त्यात बरं वाटतं. पण त्यानं कच्चा भाग कच्चाच राहतो.

आमच्याकडून काय बदललं

शिकवणाऱ्यांनीही बदलायला हवं होतं. आता आम्ही "समजलं का?" हा प्रश्न सोडला आहे. त्याऐवजी "करून दाखवा" म्हणतो, किंवा "तुमच्या गटात जाऊन हे कसं सांगाल?" असं विचारतो. पहिल्यांदा शांतता पसरते. मग कोणीतरी उठते, चुकते, बाकीच्या सांगतात. प्रशिक्षण पूर्वीपेक्षा हळू चालतं, एखादा विषय कमी होतो. पण आता "हाव" कमी येतात आणि प्रश्न जास्त येतात. महिन्याची वही तपासतानाही नुसती बेरीज पाहत नाही. कुठलंही एक कर्ज निवडून, ते घेतलेल्या बाईलाच विचारतो, "ताई, तुमचं किती राहिलं, या महिन्याला व्याज किती?" तिचं उत्तर आणि वही जुळली, तरच सही.

त्या सचिव ताईबद्दल तुम्ही विचाराल. ती परत आली. तिला आणायला आमच्याही आधी भाजीवाली ताई गेली होती. दारात उभं राहून म्हणाली, "चाल वं माय, चूक काय तुह्या एकटीची होती? आम्ही बी तं नऊ महिने पैसे मोजून देल्ले." आता वही सचिव ताईच लिहिते. पण लिहिण्याआधी प्रत्येक कर्जदार बाई आपली शिल्लक आणि आपलं व्याज तोंडी सांगते, मग आकडा वहीत जातो. गटात कोणाला तो हिशेब जमला नाही, तर भाजीवाली ताई समजावते आणि तिला अक्षरं सचिव ताई शिकवते.

मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीसाठी एक काम. बचत गोळा झाली की दहा मिनिटं काढा. मागच्या बैठकीत काय ठरलं होतं, हे वही न उघडता प्रत्येकीनं एक-एक वाक्यात सांगायचं. मग वही उघडून ताडून पाहायचं. किती जुळलं, किती निसटलं, ते मोजा. 100 पैकी 70 दाणे उगवले तर पेरणीला हरकत नाही, हे आपल्याला माहीत आहे. आपल्या बैठकीची उगवण किती निघते, ते आम्हाला नक्की कळवा. कमी निघाली तरी कळवा. कच्चं कुठे आहे हे कळलं, की पुढच्या बैठकीत तिथूनच सुरुवात करता येते.

पेरणी चांगली होवो, पाऊस वेळेवर येवो. पुन्हा भेटू. नमस्कार.